पायाळूच्या पायाचा अंगठा

तुम्ही हे पडल्या पडल्या वाचत असणार. उताणे, गुडघ्यांखाली उशी, कागद तोंडावर धरलेला. हात भरून आले की खाली ठेवा, मी थांबते. कंबर धरलेल्या माणसाला घाई नसते आणि माझ्या वयाच्या म्हातारीलाही नसते.

गेल्या महिन्यात माझ्या नातसुनेची कंबर धरली. फोटो काढून आणला, मणक्यामधली गादी सरकली असं कळलं, आणि घर असं बसलं जसं काही कोणी गेलंच. मी मात्र हसले. तिला राग आला. "आजी, हसताय काय?"

"अगं," म्हटलं, "ही गादी माझीही सरकली होती, तुझ्या आजेसासऱ्यांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हा. मला कोणी कापलं नाही, आणि आज मी तुझ्याआधी अंगणात जाऊन येते."

तीही हसली, हसताना कळ आली, मग रडली. तेव्हाच ठरवलं की हे लिहून काढायचं. तुमचा जीव टांगणीला नको म्हणून शेवट आधीच सांगते. मी बरी झाले. पुढे शेतात गेले, पोरं झाली, कडेवर घेतली. आता निवांत वाचा.

लाथेचा मान

माझं माहेर नरडाण्याकडचं, सासर पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणजे मी पायाळू. आमच्याकडे कोणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. दुखणाऱ्याने उंबऱ्यात पाठमोरं उभं राहायचं, पायाळूने डाव्या पायाने कमरेवर लाथ द्यायची, आणि दुखणाऱ्याने मागे न बघता चालू लागायचं. झालं औषध.

आता विचार करा. मी नवी सून. डोक्यावरून पदर, वडीलधाऱ्यांसमोर तोंडातून शब्द काढायचा नाही, बाजेवर बसायचं नाही. आणि तेच वडीलधारे सकाळी दाराशी पाठ करून उभे! चुलतसासरे, पाटलांचे आबा, देवळातला पुजारी. मी पदर सांभाळत येई, मान खाली घालून लाथ हाणी आणि मान खाली घालूनच आत जाई. एवढं सुख कोणत्या सुनेला मिळालंय?

आणि बरे व्हायचे की ते! बहुतेक उसणी चार-आठ दिवसांत आपोआपच जातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. जो बरा झाला तो माझ्या पायाने, जो नाही झाला तो त्याच्या नशिबाने. अशी मी हुशार.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, चुलीशी बसून हे सगळं बघत. एकदाच म्हणाल्या, "पायले इतला माज बरा नही, गजरा." मला वाटलं, जळतात.

गाडीतला कापूस

लढाईचे दिवस होते. घासलेट मिळायचं नाही, साखर कार्डावर. पण कापूस त्या साली मायंदाळ आला होता. सरकी काढायला जिनात न्यायच्या आधी कापूस गाडीत भरायचा आणि वरून पायांनी तुडवायचा, म्हणजे तो दबतो आणि आणखी मावतो. हे काम गडी करायचे. मी म्हटलं, "सरका, पायाळूना पाय देखा." पदर खोचला आणि चढले. अशी तुडवली गाडी की बैल मागे वळून बघायला लागले! खालून बाया ओरडताहेत, मी वर नाचतेय. मग सरळ उतरायचं सोडून, उरलेलं गाठोडं उचलून वरूनच उडी मारली.

कट्.

तो आवाज मला आतून ऐकू आला. आधी काही नाही. मग ढुंगणापासून पोटरीवरून थेट पायाच्या बोटापर्यंत कोणी तापलेली तार ओढत नेली. खोकले तर तार, शिंकले तर तार. सायटिका म्हणतात ती हीच, पण मला हा शब्द ठाऊक नव्हता. मला एवढंच ठाऊक होतं की पायाळूला उसण भरत नाही. मग ही भरली कशी? लोकांना कळलं तर माझी अब्रू ती काय राहिली? म्हणून मी गप्प राहिले. दात चावून पाणी भरलं, भाकरी थापल्या, वाकडी होऊन अंगण झाडलं. तुम्ही हा गाढवपणा करू नका. दुखतंय तर दुखतंय म्हणा.

एके दिवशी चुलीपुढून उठताच येईना. तेव्हा घराला कळलं, आणि घराला कळलं म्हणजे गावाला.

पायाळूला लाथ कोणी मारायची?

निर्गुडीचा पाला बांधून झाला, तव्यावरच्या वाळूने शेकून झालं, बिब्ब्याचे चटके देऊन झाले. त्या चटक्यांचे डाग अजून आहेत. शेकाने थोडं बरं वाटे, बाकीच्याने फक्त ओरडायला वेगळं निमित्त मिळे. मग पारावर चर्चा सुरू झाली. पायाळूला पायाळूचीच लाथ लागेल, पण दुसरा पायाळू आणायचा कुठून? कोणी बोदवडकडचा एक माणूस सुचवला, तर तो वारला होता.

तेव्हा आत्याबाई माझ्या बाजेशी वाकून हळूच म्हणाल्या, "मी बी पायाळूच शे."

मी कळ विसरले. "आत्याबाई! आन इतला वरीस बोलन्या नहीत?"

"बाप म्हने, कोनले सांगू नको. पायाळूवर ईज पडस म्हनतस. पोरीले वावरमा कोन लई जाई? म्हनून गप ऱ्हायनू. तू त डांगोराच पिटा."

पण लाथ मारायला त्या तयार होईनात. "नही, मी नही मारस. गाव काय म्हनी? सासू सूनले लाथ मारस!" मी रडून, हट्ट करून त्यांना तयार केलं. मला दोघांनी धरून उंबऱ्यात उभं केलं. अंगणात ही गर्दी! सासू सुनेला लाथ मारणार आणि तीही सुनेच्या विनंतीवरून, असा खेळ कोण सोडतो?

आत्याबाईंनी आधी पायातली जोडवी काढली, मला लागू नयेत म्हणून. मग पाय असा लावला की मला कळलंसुद्धा नाही. आणि मी, मूर्खांची राणी, कळ मारतेय तरी जीभ काही राहीना. "आत्याबाई, ही लाथ शे का माशी बठनी?"

अंगण हसलं. आत्याबाईंचं तोंड लाल झालं. मग जी दुसरी लाथ आली ना, तिच्यात माझ्या लग्नापासून जे जे साचलं होतं ते सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ जरा कमी वाटली आणि मी खूश झाले. बाजेवरून पाय खाली सोडला, तर डाव्या पायाचा अंगठा वरच उचलेना. पाऊल टाकलं की बोटं जमिनीला घासायची. पायावरच्या कातडीला चिमटा घेतला, तर तो दुसऱ्याच कोणाच्या पायाला घेतल्यासारखा वाटला.

आत्याबाईंनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "मीच मोडा तुन्हा पाय," म्हणाल्या. "बठ्ठा गावनी देखं." आणि खरंच, सगळ्या गावाने पाहिलं होतं.

मांडा फुटला

पाचोऱ्यापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे, असं मला जळगावच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. गाडीत गवताची गादी होती, तरी रस्त्यातला प्रत्येक दगड मला नावानिशी पाठ झाला. डॉक्टर तरुण होते, मुंबईला शिकलेले. त्यांनी पाय सरळ वर उचलला, मी किंचाळले. टाचणी टोचली, काही कळलं नाही. अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "वर ओढा." मी ओढला. म्हणजे मला वाटलं मी ओढला. अंगठा जागेवर.

ते म्हणाले, "मणक्यांच्या मधे मऊ गादी असते. ती सरकून शिरेवर दाबतेय. म्हणून पाठीतलं दुखणं पायात गेलंय."

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजे मांडा फुटना आन पुरन बाहेर उनं?"

आमच्याकडे खापरावर पुरणाचा मांडा करतात, तो फुटला की काय होतं ते सगळ्यांना माहीत. डॉक्टर हसले. "अगदी तसंच. बाहेर आलेलं पुरण बरेचदा हळूहळू सुकतं, दाब कमी होतो. आपण फक्त ताटाला धक्का लावायचा नाही. पण अंगठ्यात जोर आला नाही, किंवा पाय आणखी लुळा पडला, तर मुंबईला पाठवावं लागेल. तिथे उघडून बघतात."

"काय उघडतस?"

"पाठ."

नंतर त्यांनी मला हळू आवाजात विचारलं की लघवी नीट होते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का. मी लाजून भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही लाजू नका. लघवी अडली किंवा तिथे बधिरपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळा, सकाळची वाट बघू नका. पडून राहण्याचा माझा सल्ला त्या दुखण्याला नाही.

आत्याबाईंनी मग विचारलंच, "हाई मन्हा लाथनी व्हयनं का?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. "गादी आधीच सरकली होती. लाथेने काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, सगळं लाथेनेच झालं असंही म्हणणार नाही. पुन्हा मारू नका म्हणजे झालं."

आत्याबाईंनी त्यातलं अर्धंच ऐकलं. कोणतं अर्धं, ते तुम्हाला कळलं असेलच.

वाळूची पिशवी

माझी खाट म्हणजे खाली फळी, वर पातळ गोधडी. पायाकडची बाजू विटांवर उंच केलेली. पायाला पट्टी चिकटवून तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वाळूची पिशवी टांगलेली. त्या ओढीने मणके सैल राहतात असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगायचं तर त्या ओढीने मी जागेवर राहिले, हाच तिचा मोठा उपयोग. दुखण्याच्या गोळ्या, दोन वेळा शेक, आणि बाकी वेळ नुसतं पडायचं.

नुसतं! मी, जी भाकरी थापतानासुद्धा एका जागी बसत नसे!

हल्ली डॉक्टर इतकं पाडून ठेवत नाहीत. नातसुनेला तर थोडं थोडं चालायला सांगितलंय. तुमचे डॉक्टर सांगतील ते करा, मी माझ्या काळचं सांगतेय.

शेजारच्या खाटेवर एक अक्का होत्या, रावेरकडच्या केळीवाल्या. विहिरीच्या पायरीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. त्यांच्या पायाला माझ्याहून मोठी पिशवी. पहिल्याच दिवशी मला रडताना बघून म्हणाल्या, "काय वं पोरी, कायले रडतं? पाय तुहा हाये, दोरी सरकारी हाये, दोन्ही कुठी पयत नाही." त्यांच्या घरून केळी यायची. पडून पडून पोट साफ होत नाही, आणि जोर केला की पाठीत तार ओढली जाते, हे कोणी लिहीत नाही पण तेच मोठं दुःख असतं. केळी खा आणि पाणी प्या.

आणि भांडं. हेही लिहितेच. खाटेवरच भांडं घ्यावं लागायचं आणि ते आत्याबाई उचलायच्या. दवाखान्यात बाई होती, पण त्या तिला हात लावू देत नसत. सासू सुनेचं भांडं धुते, हे माझ्या गावात सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड लागलं म्हटलं असतं. मी डोळे मिटून घेई. एकदा त्या म्हणाल्या, "डोया उघड. मी बी माणूसच शे." त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवले.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमचे हे यायचे. आईसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. माझ्यापासून हातभर अंतरावर टोपी हातात घेऊन उभे राहत आणि आईला म्हणत, "माय, तिले इचार, दुखस का?"

आत्याबाई माझ्याकडे वळत. "दुखस का?"

"सांगा, कमी शे."

"कमी शे म्हने."

"माय, तिले सांग, म्हैस याली. पारडी व्हयनी."

असं चाले. शेवटी पलीकडच्या खाटेवरून अक्का ओरडल्या, "आरे भाऊ, तिले कान हायेत नं! कंबर मोडली, कान नाही मोडले!" आमच्या ह्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच थेट विचारलं, "पारडीनं नाव काय ठेवू?" मी इतकी गोंधळले की अक्कांचंच नाव सांगितलं. अक्कांना आनंद झाला. तसं म्हशीच्या पारडीचा मान कोणाला मिळतो?

मिरवणूक

रोज सकाळी डॉक्टर अंगठ्यावर बोट ठेवायचे. "वर ओढा." आत्याबाई त्या वेळेस पडवीत जाऊन उभ्या राहत. बघायची हिंमत नव्हती. बाहेरूनच विचारत, "हालना का?"

"नाही, अजून नाही," डॉक्टर म्हणत.

मला सांगितलं होतं की हलत नसला तरी मनातल्या मनात उचलत राहा. मी उचलायची. कोऱ्या भिंतीला हाक मारल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी रस्त्यावरून मिरवणूक गेली. झेंडे, घोषणा, पोरी गात चाललेल्या. आत्याबाई पाणी आणायला गेल्या होत्या. मला राहवेना. आख्खं जळगाव रस्त्यावर आणि मी वाळूच्या पिशवीला बांधलेली! पायाची दोरी सोडली, कुशीवर वळले, खिडकीचा गज धरून उभी राहिले. एक झेंडा दिसला. पूर्ण दिसायच्या आत पाय खालून गेला आणि मी फरशीवर.

तार पुन्हा तशीच, पहिल्या दिवसासारखी.

आत्याबाई तांब्या टाकून धावल्या. नर्सबाईंनी आणि त्यांनी मिळून मला खाटेवर ठेवलं. मग आत्याबाई जे बोलल्या ते आधी कधी बोलल्या नव्हत्या. "तुले काय खेळ वाटस का? तू लंगडी व्हयनी ना, त तुले लोक रडतीन आन माले खातीन! सासूनी लाथ मारी, सूनना पाय गया. बठ्ठी जिंदगी माले हाईच आयकनं शे का?"

आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की या खोलीत सगळ्यात जास्त मीच घाबरलेय. पायही माझाच, मुंबईची भीतीही माझीच. ती बाई रोज सकाळी पडवीत काय घेऊन उभी राहते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. अक्काच म्हणाल्या, "बाई, रडून घ्या. अन् तू वं, हातं रिकामे ठेवू नको. रिकाम्या हातानं पाय नाचते."

त्यांनी मला कापूस दिला. उताणं पडून, छातीवर कापूस ठेवून मी वाती वळायला शिकले. आधी दोरखंड व्हायचे, मग बऱ्या जमायला लागल्या. ज्या कापसावर मी नाचले, तोच आता बोटांत गरीब होऊन बसला होता. सगळ्या दवाखान्यात मी वाती वाटल्या. तुम्हीही हाताला काहीतरी द्या. पडून राहणं हे काम आहे, आणि ते हातांशिवाय होत नाही. उठायचं झालं तर आधी अख्खं अंग कुशीवर घ्या, मग हाताच्या टेकूने उठा, कमरेला पीळ देऊन कधीच नाही. हे मी त्या फरशीवर शिकले.

पडवीतून

कळ हळूहळू पायातून वर सरकत कमरेत आली. डॉक्टर खूश झाले. पायातलं दुखणं वर चढणं चांगलं असतं म्हणे. पण अंगठा तसाच. त्यांनी मुंबईचं बोलायला सुरुवात केली होती. बाजाराच्या दिवशी आमच्या ह्यांच्याशी कोपऱ्यात उभे राहून बोलले. मला ऐकू आलं नाही, पण टोपी हातात फिरत होती ती दिसली.

दोन-तीन दिवसांनी असेल. डॉक्टर आले. आत्याबाई नेहमीसारख्या पडवीत. त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर ओढा."

मी ओढला. नेहमीसारखंच वाटलं मला. पण पलीकडून अक्का खाटेवर कोपरावर उठल्या. "हाल्ला वं! म्यां पाह्यला!"

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "परत."

मी परत ओढला. हलला. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण हलला. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या पोरासारखा झाला.

बाहेरून आवाज आला. "हालना का?"

डॉक्टर तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांची बाही ओढली. डॉक्टरांची! पण तेव्हा कुठलं भान? "आत्याबाई," मी ओरडले, "मी नही सांगस. आत या, तुम्हीच देखा!"

मग त्या आल्या. चेहऱ्यावर पदर, सासूच्या चेहऱ्यावर! पदराच्या आडून एक डोळा. खाटेच्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या.

मी सगळा जीव त्या अंगठ्यात घातला.

पदर खाली आला. वळल्या आणि अनवाणी पळाल्या. पडवीतून त्यांचा आवाज ऐकू आला, आधी कंपाउंडरला, मग औषधासाठी बसलेल्यांना, मग थेट रस्त्यावर. "मन्ही सूनना अंगठा हालना! ओ भाऊ, मन्ही सूनना अंगठा हालना!" अक्का पोट धरून हसत होत्या आणि हसता हसता त्यांची पिशवी हलत होती.

आत्याबाई परत आल्या त्या एकट्या नाही. हातात चाबूक घेतलेला एक टांगेवाला, कडेवर पोर घेतलेली कोणी अनोळखी बाई, औषधाची बाटली धरलेले एक म्हातारे नाना. सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं.

"दखाड," मला म्हणाल्या.

मी हलवला. टांगेवाल्याने वाकून बघितलं आणि मान डोलावली, घोडा पसंत केल्यासारखी.

आत्याबाईंना अजून धाप लागली होती. त्यांनी खाटेचा गज दोन्ही हातांनी धरला.

"आजून येकडाव."

मी हलवला.

"आजून," त्या म्हणाल्या.